ब्रोमाइड पेपरचा रेट एकदम वाढलाय, हे खरंच ट्रंपच्या टॅरिफमुळं का?

रोलवाला_टिळकवाडी

नमस्कार मंडळी. मी बेळगावचा, कॉलेजातल्या फोटो क्लबची डार्करूम बघतो. डार्करूम म्हणजे काय तर जिन्याखालची खोली, खिडकीला काळं रेक्झिन मारलंय आणि एन्लार्जर, म्हणजे निगेटिव्ह मोठं करून कागदावर पाडायचं यंत्र, एका बंद पडलेल्या स्टुडिओतनं उचलून आणलेला. पोरांचं ह्या डिसेंबरात (२०२५) प्रदर्शन ठेवलंय, हलशीचं भूवराह नरसिंह आणि देगावचं कमलनारायण अशा देवळांचे ब्लॅक अँड व्हाइट फोटो, तीसेक प्रिंट, सगळे ८ बाय १०, सगळे पोरांनी हातानं मारलेले.

आता घोळ असा झालाय की ब्रोमाइड पेपर, म्हणजे प्रिंट मारायचा फोटोचा कागद, संपत आलाय म्हणून मुंबईच्या डीलरला फोन लावला तर मार्चमधे जो बॉक्स घेतला होता तोच आता जवळजवळ तिसऱ्या हिश्शानं महाग सांगूलालाय. का म्हणून विचारलं तर म्हणतो, अमेरिकेनं टॅरिफ लावलाय सर, आमच्या हातात काय नाही. मी होय होय म्हणून फोन ठेवला आणि मग डोक्यात आलं, पेपर इलफर्ड कंपनीचा, तो इंग्लंडात होतो, डीलर मुंबईत, मी बेळगावात, ह्यात अमेरिका कुठनं आली??

कोडॅकच्या रोलचं म्हटला असता तर समजलं असतं, तो तिकडचाच माल. खरं तिथं पण मला नीट कळूलालं नाही की टॅरिफ नेमका कोण भरतो आणि आपल्यापर्यंत कसा पोचतो.

दोनच प्रश्न. डीलर खरं बोलूलालाय का? आणि आत्ताच जास्तीचा माल भरून ठेवावा का थांबावं? क्लबचा फंड म्हणजे पोरांचे शंभर-शंभर रुपये आहेत हो, सांभाळून बोला.

उद्यमबाग_अकौंट्स

तुमच्या डीलरनं तुम्हाला पेपरातली हेडलाइन विकली. मी फोटोग्राफीतला नाही, माझा मुलगा तुमच्यासारखाच येडा आहे म्हणून इथं येतो, पण टॅरिफ हा विषय आमच्याकडं रोजचा झालाय. मी उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत हिशेब बघतो, आमचं कास्टिंग अमेरिकेला जातं.

सरळ सांगतो. अमेरिकेचा टॅरिफ म्हणजे अमेरिकेत माल उतरताना तिथल्या आयात करणाऱ्यानं तिथल्या सरकारला भरायचा कर. ५ एप्रिल २०२५ पासून जवळपास सगळ्या देशांवर १० टक्के लागला, इंग्लंड त्या १० वरच राहिलं, युरोप आणि जपानचं पुढं घासाघीस होऊन १५ वर मिटलं, आणि आपल्या बऱ्याच मालावर २७ ऑगस्ट २०२५ पासून ५० झाला. आमचा तिकडचा खरेदीदार तो पैसा भरतो आणि मग आम्हाला मेल टाकतो, अर्धा भार तुम्ही उचला. दिवाळीच्या तोंडावर ओव्हरटाइम बंद झाला तो ह्यानं. म्हणजे टॅरिफनं बेळगावात माणूस भरडतोय हे खरं, पण तो कास्टिंगवाला, तुमच्यासारखा पेपरवाला नाही.

इंग्लंडमधनं मुंबईला येणारा पेपर अमेरिकेच्या दारातनं जातच नाही. त्याच्यावर लागते ती आपली कस्टम ड्युटी. कस्टमच्या यादीत रोल फिल्म ३७०२ नंबरात येते, फोटो पेपर ३७०३ मधे. हिशेब करून दाखवतो, न्हावा शेवा बंदरात उतरलेला माल १०० रुपयाचा धरा. बेसिक ड्युटी १० टक्के, झाले ११०. त्या १० रुपयावर सोशल वेल्फेअर सरचार्ज १० टक्के म्हणजे १ रुपया, झाले १११. आता ह्या १११ वर आयजीएसटी, म्हणजे आयातीवरचा जीएसटी, १८ टक्के, म्हणजे १९ रुपये ९८ पैसे. एकूण १३० रुपये ९८ पैसे. कोडॅक अमेरिकेतनं आला तरी हेच गणित, ट्रंपचा त्यात एक पैसा नाही. आणि हे गणित तुम्ही मार्चमधे पेपर घेतला तेव्हा पण हेच होतं, म्हणजे वाढीचं कारण हे पण नाही.

फ्लॅश_मंडोळी

मोबाईलवर काढा आणि प्रिंट मारा की राव, कुठं ट्रंपच्या नादाला लागलाय 😄

रोलवाला_टिळकवाडी

@फ्लॅश_मंडोळी तुझ्या लग्नाचा अल्बम मोबाईलवर काढू मग आम्ही.

@उद्यमबाग_अकौंट्स सर एकदम नीट समजलं. खरं मग वाढला कशानं? काहीतरी तर असणारच की. डॉलर?

उद्यमबाग_अकौंट्स

डॉलर जानेवारी २०२५ मधे ८५-८६ ला होता, ह्या दिवाळीपर्यंत ८८ च्या आसपास. तीनेक टक्के फरक. पौंडाचं त्याहून जास्त धरा, तरी पण त्यानं तिसरा हिस्सा वाढत नाही.

एक गोष्ट डीलरला विचारा, माल विमानानं आणलास का बोटीनं? कारण आपल्याकडं ड्युटी नुसत्या मालाच्या किमतीवर लागत नाही, भाडं आणि विमा धरून जी किंमत होते तिच्यावर लागते. म्हणजे भाडं वाढलं की भाड्यावर पण ड्युटी आणि त्या ड्युटीवर पण जीएसटी. रोल हलका असतो, खिशात दहा मावतात. तुमचा पेपर म्हणजे वजन, मुलाचा १०० शीटचा बॉक्स उचलून बघितलाय मी. तो विमानानं आणला तर रेट चढणारच. आणि बोटीचं म्हणाल तर तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले व्हायला लागले त्यामुळं २०२३ च्या शेवटापासून युरोपची बरीच जहाजं आफ्रिकेला वळसा घालून यायला लागली, वेळ जातो, मग डीलरकडचा साठा संपतो, मग तो थोडासा माल विमानानं मागवतो. माझा अंदाज इथंच कुठंतरी आहे.

निपाणीचे_स्टुडिओकाका

बाळांनो, जरा म्हाताऱ्याचं पण ऐका. चाळीस वर्षं स्टुडिओ चालवला, आता पोरगा ड्रोन उडवतोय आणि मी कौंटरवर बसून पासपोर्टचे फोटो कापतोय.

ड्युटीचं रडगाणं आत्ताचं न्हाई. आमच्या वेळी बाहेरच्या मालावर ड्युटी लै जबर, कोडॅकचा रोल म्हणजे लग्नाच्या पार्टीला दाखवायची वस्तू, तो पण गोव्याला कुणाच्या तरी मामाकडनं यायचा. रोजच्या कामाला आपला देशी इंदू. तो करणारा उटीला हिंदुस्थान फोटो फिल्म्स म्हणून सरकारी कारखाना होता, १९६० साली कंपनी झाली आणि १९६७ ला माल निघायला लागला, रोल, ब्रोमाइड, एक्स-रे सगळं. इंदूच्या पेपरला नावं ठेवणारे लै होते, मी पण ठेवायचो, एखाद्या पाकिटाला कॉन्ट्रास्ट मिळायचा न्हाई. खरं पाकीट हुबळीत पण मिळायचं आणि कोल्हापुरात पण. मग ड्युटी उतरत गेली, रंगीत आलं, घरोघर बाहेरचा माल झाला, नव्वदच्या दशकात कारखाना आजारी पडला तो उठलाच न्हाई. आता गंमत बघा, कारखाना गेला आणि ड्युटी तेवढी राहिली. १० टक्के कुणाला वाचवायला लावलेत ते मला कुणीतरी सांगा, आपल्याकडं ब्रोमाइड करतंय कोण?

दुसरी गोष्ट तुम्ही कुणीच काढली न्हाई. चांदी. रोल असो न्हाईतर पेपर, काळं होतं ते चांदीमुळं. आमच्या शेजारी हुपरी हाय, सगळं गाव चांदीवर जगतंय, तिथं जाऊन विचारा ह्या वर्षी काय झालंय. २०२५ च्या सुरवातीला जगात चांदी औंसाला ३० डॉलरच्या आसपास होती, ऑक्टोबरात ५० च्या वर गेली, आपल्याकडं किलो दीड लाखाच्या पुढं. पैंजण करणारा कारागीर हात बांधून बसलाय, मग फिल्मवाला स्वस्त कसा देईल? आजच्या बॉक्सवर ते सगळं आलेलं नसंल, कारण हा पेपर तयार झाला तो जुन्या चांदीचा. पुढच्या मालावर येणार.

म्हणून माझं मत, पेपर घेऊन ठेवा. रोलला पर्याय लै हाईत, पेपरला न्हाईत.

ग्रेन_कोल्हापूर

काका 🙏 इंदूचं रिकामं पाकीट अजून आहे आमच्या घरी, आज्जीचे रेशनकार्डाचे कागद त्यात.

रोलवाला, फुजी घे ना रे मग. जपानचा आहे, अमेरिकेचं झंझट नाही, शिवाय भारत-जपान करार आहे २०११ पासून, ड्युटीत सूट मिळत असेल.

उद्यमबाग_अकौंट्स

@ग्रेन_कोल्हापूर थांबा. करारातली सूट नाव कुठल्या देशाचं आहे त्यावर मिळत नाही, माल कुठं तयार झाला त्यावर मिळते, आणि त्याचा दाखला लागतो. मुलाकडं फुजीचा रंगीत रोल आहे तो आत्ता हातात घेऊन बघितला. हिरवा डबा, पुढं मोठ्ठं फुजीफिल्म, आणि खाली बारीक अक्षरात काय लिहिलंय? मेड इन यूएसए. चष्मा लावून दोनदा वाचलं.

पिनहोल_खानापूर

बरोबर आहे सर. फुजीचा तो २०० आणि ४०० चा निगेटिव्ह आता अमेरिकेत तयार झालेला येतो. आणि त्यांचा ब्लॅक अँड व्हाइट ॲक्रॉस २०१८ ला बंद करून २०१९ ला परत आणला ना, त्या नव्याच्या डब्यावर मेड इन यूके असतं, म्हणजे इलफर्डवाल्यांच्याच देशातला. सगळ्या जगात फिल्मवर लेप चढवणारे कारखाने बोटावर मोजण्याएवढे राहिलेत. कोडॅकचं सगळं रोचेस्टरच्या एका बिल्डिंगमधे, ३८ नंबरच्या, सिनेमाची पण तिथंच आणि आपला रोल पण. २०२४ च्या नोव्हेंबरात त्यांनी सुधारणा करायला म्हणून काही आठवडे काम थांबवलं होतं. इलफर्डचं इंग्लंडात मोबर्लीला, फोमा कंपनीचं झेक देशात ह्राडेक क्रालोवेला, १९२१ पासून.

टॅरिफचा आपल्याशी संबंध येतो तो असा आडून येतो असं मला वाटतं. अमेरिकेचं गिऱ्हाईक मोठं, तिथले दुकानदार कर लागायच्या आधी गोडाऊन भरून घेतात, मग कारखान्यात त्या महिन्यात जे काही निघालं ते तिकडं जातं. आपण दोन-चार बॉक्सवाले, आपला नंबर शेवटी. कोडॅकला उलट बाजूनं पण बसतं, बाहेरनं येणाऱ्या कच्च्या मालावर त्यांना तिथं टॅरिफ आणि एप्रिल २०२५ मधे चीननं अमेरिकी मालावर १२५ टक्क्यापर्यंत नेला होता तेव्हा तिकडचं गिऱ्हाईकच अडकलं. पण ह्यातलं काहीही तुमच्या बिलात ओळ म्हणून येत नाही हो, येतं ते माल नाही, उशिरा येणार, अशा शब्दात.

आता तुमच्या प्रदर्शनाचं. मी खानापुरात पिनहोल, म्हणजे भिंगाऐवजी सुईच्या भोकातनं फोटो काढायचं, शिकवते, शाळेच्या मुलांना, त्यामुळं पैसे वाचवायची सवय झालीय. तीसच्या तीस प्रिंट ८ बाय १० कशाला? दहा मोठ्या करा, वीस ५ बाय ७ करून रुंद माउंटमधे लावा, देवळाच्या खांबावरची बारीक नक्षी ५ बाय ७ मधे जास्त छान दिसते, माणूस जवळ येऊन बघतो. मोठ्या शीटला ८० चौरस इंच लागतात, छोट्याला ३५. आणि टेस्ट स्ट्रिप (उजेड किती द्यायचा ते बघायची पट्टी) म्हणून पोरं अख्खी शीट वाया घालवतात ते आधी बंद करा, एका शीटच्या आठ पट्ट्या कापून डब्यात ठेवा, मी सेफलाइटखाली, म्हणजे पेपर न बिघडवणाऱ्या मंद दिव्याखाली, कटर दोरीनं टेबलाला बांधून ठेवलाय नाहीतर कुठंतरी घेऊन जातात.

केमिकलला डबाबंद पावडर मागवू नका. डी-७६, म्हणजे रोल धुवायचा डेव्हलपर, घरी होतो. एका लिटरला मेटॉल २ ग्रॅम, सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम, बोरॅक्स २ ग्रॅम. पाऊण लिटर पाणी ५० अंशाला गरम, आधी चिमूटभर सल्फाइट मग मेटॉल, मग बाकीचं सल्फाइट, मग क्रमानं पुढचं, शेवटी पाणी घालून लिटर पूर्ण. सल्फाइट सगळं आधी घातलं तर मेटॉल विरघळायला कुरकुर करतं. हा रोलचा झाला, पेपरच्या डेव्हलपरला हेच मेटॉल-हायड्रोक्विनोन, प्रमाण वेगळं, आणि बोरॅक्सच्या जागी सोडियम कार्बोनेट भरपूर आणि थोडं पोटॅशियम ब्रोमाइड. हे सगळं आपल्याकडं लॅब केमिकलवाल्याकडं मिळतं. हातमोजे घाला, मेटॉलनं काहींच्या हाताला खाज सुटते, मला सुटते.

रोलवाला_टिळकवाडी

ताई तुम्ही तर सगळा कोर्सच दिलात. ५ बाय ७ चं डोक्यातच आलं नव्हतं.

एक विचारायचं राहिलं, एक्स-रे फिल्मवर फोटो काढतात म्हणून ऐकलंय ते होतं का? पोरं मोठ्या लाकडी कॅमेऱ्याच्या मागं लागलेत.

पिनहोल_खानापूर

होतं आणि मजा येते. पण दवाखान्यात मागताना ओली धुवायची फिल्म असं सांगून मागा, आता बऱ्याच ठिकाणी ड्राय फिल्म आलीय, मशीनमधे उष्णतेनं उमटते ती, आपल्या काही कामाची नाही. हिरव्याला संवेदनशील असलेली घ्या, १०० आयएसओ धरून सुरवात करा आणि लाल दिव्यात कापा. तांबडा रंग तिला दिसत नाही, त्यामुळं कौलं आणि कुंकू काळंकुट्ट येतं. दोन्ही बाजूला इमल्शन (चांदीचा लेप) असतं, ट्रेच्या तळाला घासून हमखास ओरखडे पडतात, मी ट्रेमधे काचेचा तुकडा टाकते आणि एका वेळी एकच शीट धुते. पण ही निगेटिव्हची सोय झाली, प्रिंटला पेपर लागणारच. काका म्हणाले ते बरोबर आहे.

ग्रेन_कोल्हापूर

बाहेरनं स्वतः मागवायचा कुणी विचार करत असाल तर माझी गोष्ट ऐका. युरोपातल्या एका दुकानातनं १०० फुटी बल्क रोल मागवला, १०० फूट म्हणजे ३०.५ मीटर, त्यात ३६ चे अठरा एक रोल बसतात, म्हटलं स्वस्तात पडेल. पत्ता बेळगावच्या मावशीचा दिला कारण मी तेव्हा तिथं होतो. पार्सलवर बेलगाम, मावशीच्या आधारवर बेळगावी. १ नोव्हेंबर २०१४ ला नाव बदललं त्याचा त्रास मला असा झाला. केवायसी जुळत नाही म्हणून पार्सल अकरा दिवस अडकलं, मग ड्युटी, वर कुरियरवाल्याचा हँडलिंग चार्ज, सगळं धरून इथल्या डीलरपेक्षा जेमतेम थोडं कमी पडलं. वर मावशीनं विचारलं, एवढी काय सोन्याची रीळ आहे का.

दुबईहून वगैरे कुणी येत असेल तर बरं पडतं, ठराविक किमतीपर्यंतचं सामान आपल्या माणसाला ड्युटी न भरता आणता येतं. फक्त चेक-इन बॅगेत टाकू नका म्हणावं, तिथलं स्कॅनर रोल खराब करतं. हातातल्या बॅगेत, आणि काउंटरवर विनंती करून हातानं तपासून घ्यायचं.

फ्लॅश_मंडोळी

भारत-इंग्लंड करार झाला ना जुलैमधे? मग इलफर्ड स्वस्त होईल की. थांबा जरा.

उद्यमबाग_अकौंट्स

२४ जुलै २०२५ ला सह्या झाल्या, पण सही झाली म्हणजे लगेच लागू होत नाही. सही आणि लागू ह्यात किती पाणी जातं ते एक्स्पोर्टवाल्याला विचारा. डिसेंबरच्या प्रदर्शनाला तो करार येत नाही, पेपर घ्या.

रोलवाला_टिळकवाडी

अपडेट देतो. काल डीलरला परत फोन केला आणि अकौंट्स सरांनी सांगितलेला तोच प्रश्न टाकला, विमानानं का बोटीनं? पलीकडं दोन सेकंद शांत, मग हसला. म्हणाला, सर विमानानंच, बोटीचा माल संपला होता, गिऱ्हाईक ओरडूलालं होतं म्हणून वीस बॉक्स उचलले, बोटीचा नवीन वर्षात येईल. मग टॅरिफ कशाला सांगितलंस म्हटलं तर म्हणे सगळ्यांना तेच सांगतोय, पटकन पटतं लोकांना. आता काय बोलायचं. माणूस वाईट नाही, गप्पा मारत बसला नंतर.

तर ठरलं असं. ८ बाय १० चं २५ शीटचं एक पाकीट आत्ताच्याच महाग रेटनं घेतलं, दहा मोठ्या प्रिंट आणि बाकी चुकायला. ५ बाय ७ चा १०० चा बॉक्स त्याच्याकडं जुन्या लॉटमधला निघाला, तो जुन्या रेटनं दिला. राहिलेल्या पैशात जानेवारीच्या मालाचं बुकिंग करूलालोय, खरं एकट्यानं नको, कोल्हापूर-सांगलीची अजून कोण असतील तर एकत्र मागवू, भाडं वाटून जाईल. ग्रेन भावा तू आहेस ना?

ग्रेन_कोल्हापूर

आहे की. दोन बॉक्स माझे. पत्ता फक्त मावशीचा नको.

निपाणीचे_स्टुडिओकाका

रोलवाला, एक काम कर. वापरलेला हायपो, म्हणजे फोटो पक्का करायचं द्रावण, मोरीत ओतू नको, कॅनमधे साठव. त्यात चांदी उतरलेली असते. भांडी घासायचा स्टीलचा चोथा टाकून आठवडाभर ठेवला की काळा गाळ बसतो, आम्ही तो हुपरीला द्यायचो. कॅन निपाणी स्टँडवर आणून दे, माझ्याकडं अजून एक आटणीवाला ओळखीचा हाय.

उद्यमबाग_अकौंट्स

काका तीस प्रिंटच्या हायपोत चांदी किती निघणार, कुंद्याचे पैसे तरी सुटतील का?

निपाणीचे_स्टुडिओकाका

न्हाई सुटत. खरं पोरगं निपाणीला येईल तर खरं, माझ्याकडं इंदूची दोन पाकिटं पडल्यात, न उघडलेली. फॉग आलेली, म्हणजे न वापरताच काळवंडलेली, असणार, पोटॅशियम ब्रोमाइड थोडं जास्त टाकून बघ म्हणावं.

रोलवाला_टिळकवाडी

काका रविवारी सकाळच्या एसटीनं निघतो. कुंदा घेऊन येतो.